लॉकडाऊन उठवण्यावरून झालेला वाद, इंदूरमधून पाहिलेला

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: 2020 च्या उन्हाळ्यात घरात जेवायला बसलं की आजोबा म्हणायचे, आणखी महिनाभर बंद ठेवा. बाबा म्हणायचे, आता उघडलं नाही तर क्लॉथ मार्केटमधलं दुकान कायमचं बसेल. टीव्हीवरही दोन पक्ष हेच बोलत होते. आता एम.ए.साठी तू लॉकडाऊन उठवण्याच्या राजकारणावर लिहितो आहेस आणि विचारतोस, ‘डॉक्टर काकू, दोघांत बरोबर कोण होतं? आणि पुन्हा साथ आली तर हा निर्णय कसा व्हायला हवा?’

मी तीस वर्षं सामाजिक वैद्यकात काढली. म्हणजे एकेका रोग्यापेक्षा वस्त्या, पाणी, लसी आणि आकडे यांच्याशी माझा संबंध जास्त. 2020 आणि 2021 मध्ये मी इंदूरमध्ये रुग्णांच्या याद्या आणि सर्वेक्षणाचं काम केलं. वॉर्डाच्या बैठकांना बसले, व्यापाऱ्यांच्या शिष्टमंडळांसमोरही बसले. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आजोबा आणि बाबा तारखेवर भांडत होते आणि तारीख हा त्या वादातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग होता. बंदमुळे मिळालेल्या वेळात केलं काय, आणि त्या वेळेची किंमत कोणी भरली, हे दोन प्रश्न कोणी धरून ठेवले नाहीत.

आधी आजाराचं गणित सांगते, कारण राजकारण त्यावरच चाललं होतं. त्या वेळचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस जायचे. मग माणूस दोन-तीन दिवस घरी काढा पिऊन बघतो, मग तपासणी, मग अहवालाची वाट. म्हणजे आजच्या बुलेटिनमधला आकडा साधारण दहा-बारा दिवसांपूर्वीच्या गर्दीचा असतो. मृत्यूचा आकडा आणखी मागे, जवळपास तीन आठवडे. तुझ्या बाबांना हे चटकन कळेल. त्यांच्या धंद्यात माल आज जातो आणि पैसे तीन महिन्यांनी येतात. साथीचंही खातं असंच उधारीवर चालतं.

आता याचा राजकारणावर काय परिणाम होतो बघ. सोमवारी बाजार उघडला तर पुढचे दहा दिवस काहीच घडत नाही. उघडा म्हणणारे छाती पुढे काढून सांगतात, बघा, उगाच घाबरवत होते. उलट बंद केल्यावर पहिले दहा दिवस आकडे चढतच राहतात आणि बंदचा काही उपयोग नाही अशी ओरड सुरू होते. दोन्ही वेळी ओरडणारे खोटं बोलत नसतात, ते जुना आकडा वाचत असतात. केंद्राचे टप्पे पुढे पुढे दोन-दोन आठवड्यांचे का झाले, याचं वैद्यकीय कारण हेच: एक पाऊल टाकायचं, चौदा दिवस थांबून परिणाम बघायचा, मग दुसरं. सगळं एकदम उघडलं तर आकडा वाढल्यावर कशामुळे वाढला हे कळायला मार्ग उरत नाही.

लॉकडाऊन विषाणू मारत नाही. माणसं एकमेकांना भेटली नाहीत की लागण मंदावते, पुन्हा भेटली की पुन्हा चालू होते. त्याने फक्त वेळ मिळतो. त्या वेळात खाटा वाढवायच्या, ऑक्सिजनच्या लाइनी टाकायच्या, तपासणीच्या प्रयोगशाळा उभ्या करायच्या, वस्तीत जाऊन संपर्कातली माणसं शोधणारे हात तयार करायचे आणि ज्यांचं पोट रोजच्या कमाईवर आहे त्यांच्या घरात धान्य आणि पैसा पोहोचवायचा. म्हणून मुदतवाढीच्या प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न ‘वाढवायचा का’ हा नसावा, ‘गेल्या चौदा दिवसांत काय केलं’ हा असावा, असं मी तेव्हाही म्हणत होते. 16 एप्रिल 2020 ला राहुल गांधींनी लॉकडाऊनला ‘पॉज बटन’ म्हटलं होतं. ते विधान वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होतं. पण त्याच्यावर चर्चा झाली ती कोण बोललं यावर.

इंदूरची सुरुवात आठव. त्या वर्षीच्या रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, रद्द झाली, म्हणजे धोका प्रशासनाला माहीत होता. 22 मार्चला जनता कर्फ्यू दिवसभर कडक पाळला गेला आणि संध्याकाळी राजवाड्यावर लोक थाळ्या वाजवत मिरवणुकीसारखे जमले. दोन-तीन दिवसांत शहरातले पहिले रुग्ण नोंदले गेले. मार्चच्या शेवटी तीन दिवस तर किराणासुद्धा बंद होता. 1 एप्रिलला टाटपट्टी बाखलमध्ये सर्वेक्षणाला गेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगडफेक झाली. मी त्या पथकात नव्हते, पण तशाच दुसऱ्या वस्तीत दुसऱ्या दिवशी गेले होते. दाराआडच्या बाईने मला विचारलेलं एकच वाक्य अजून आठवतं: ‘घेऊन जाल तर परत कधी सोडाल?’ तिला आजाराची भीती कमी आणि आमची जास्त होती. हा अविश्वास पुढे उघडण्याच्या प्रत्येक टप्प्यावर आडवा आला, कारण ज्या वस्तीत लोक तपासणीला पुढे येत नाहीत तिथला आकडा कमी दिसतो आणि मग ती वस्ती ‘सुरक्षित’ म्हणून उघडली जाते.

त्यातच भोपाळमध्ये मध्य प्रदेशचं सरकार बदलत होतं. 20 मार्चला मुख्यमंत्री कमलनाथांनी राजीनामा दिला, 23 च्या रात्री शिवराजसिंह चौहान यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि 21 एप्रिलपर्यंत मंत्रिमंडळात ते एकटेच होते. साथीच्या पहिल्या महिन्यात राज्याला स्वतंत्र आरोग्यमंत्री नव्हता. तुझ्या प्रबंधासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मंत्री जिथे नसतात तिथे वाद संपत नाही, तो कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसतो. इंदूरमध्ये व्यापारी, उद्योजक, आमदार, डॉक्टर सगळे आपापली बाजू घेऊन एकाच दारात उभे होते, आणि अधिकाऱ्याचं प्रशिक्षण आदेश काढण्याचं असतं, तडजोड घडवण्याचं नाही.

देशपातळीवर काय चाललं होतं? 24 मार्चच्या भाषणात पंतप्रधान म्हणाले ‘जान है तो जहान है’. 11 एप्रिलला मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत ते ‘जान भी, जहान भी’ झालं. अठरा दिवसांत जे सरकलं ते बघ: पहिल्या वाक्यात जीव आधी आणि जग नंतर, दुसऱ्यात दोन्ही बरोबर. मे महिन्यात भांडण आणखी वेगळ्या जागी गेलं. 30 एप्रिलला केंद्राने देशातले 130 जिल्हे लाल, 284 केशरी आणि 319 हिरवे ठरवले. राज्यांचं म्हणणं, आमच्या जिल्ह्याचा रंग दिल्लीत कसा ठरतो? राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे, पण लॉकडाऊन 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली केंद्राने लावला होता. अखेर 17 मेच्या आदेशात रंग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे आला. मला विचारशील तर हा बदल महिनाभर आधी व्हायला हवा होता.

जिल्हावार नियमांचा घोळ आमच्याकडे कसा दिसला ते सांगते. पीथमपूर ही औद्योगिक वसाहत धार जिल्ह्यात आहे. पण तिथल्या कारखान्यांत काम करणारे हजारो लोक राहतात इंदूर, राऊ आणि महूला. दोन्ही जिल्ह्यांचे आदेश वेगळे. कारखाना उघडायला परवानगी, पण कामगार इंदूर जिल्ह्यातून रोज येऊ शकत नाही. मग मालकाने कामगाराला आवारातच झोपवायचं. एका युनिटमध्ये मी गेले होते. गोदामात चाळीस माणसं, दोन संडास. घरी राहिली असती तर त्यांचा संपर्क कमी झाला असता. साथ जिल्ह्याच्या सीमेवर थांबत नाही, ती बसच्या मार्गाने जाते, आणि उघडण्याचा नकाशा माणसं कामाला कशी जातात त्यावरून काढायला हवा होता.

राज्यांच्या घाईमागचं मोठं कारण मात्र उघडपणे फारसं बोललं गेलं नाही. राज्याची स्वतःची कमाई म्हणजे जीएसटीचा वाटा, पेट्रोल-डिझेलवरचा कर, मुद्रांक शुल्क आणि दारू. लॉकडाऊनमध्ये चारही आटले. पगार, निवृत्तिवेतन आणि दवाखान्याचा वाढलेला खर्च मात्र चालूच. 4 मेपासून दारूची दुकानं उघडायची मुभा मिळाली तेव्हा ‘मंदिर बंद आणि मधुशाला चालू’ म्हणून संताप झाला. त्या संतापात तथ्य होतं, पण केंद्राने राज्यांना वेळेवर हातात पैसा दिला असता तर तो निर्णय एवढ्या लवकर घ्यावा लागला नसता. ‘उघडा’ म्हणणारा मुख्यमंत्री नेहमी व्यापाऱ्यांचा मित्र असतो असं नाही. पुष्कळदा त्याची तिजोरी रिकामी असते.

आता तुझ्या बाबांच्या बाजूकडे येते. दुकान उघडलं की धंदा सुरू होतो, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तसं झालं नाही. अमेरिकेत शिकागोच्या ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी मोबाइलच्या नोंदींवरून दुकानांतली वर्दळ मोजली. ती 60 टक्क्यांनी घटली होती आणि त्या 60 पैकी फक्त 7 टक्क्यांची घट सरकारी बंदीमुळे होती. उरलेलं लोकांनी भीतीने स्वतःच बाहेर पडणं सोडलं म्हणून. अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा इथे लावायचा नाही, आपल्याकडे बंदी कितीतरी कडक होती. पण जूनमध्ये क्लॉथ मार्केट उघडल्यावर काय झालं ते तू पाहिलंस. अक्षय्य तृतीया 26 एप्रिलला येऊन गेली होती, लग्नसराई संपली होती. निमाड आणि मालव्यातल्या खेड्यांतले किरकोळ दुकानदार खरेदीला येत नव्हते. सुरतेचा माल अडकला होता आणि गाठी उचलणारे हम्माल गावी निघून गेले होते. गिऱ्हाईक, माल, मजूर आणि उधारी या चारही गोष्टी एकत्र आल्याशिवाय बाजार चालत नाही. शटर वर करण्याचा आदेश यातली एकही आणून देत नाही.

म्हणून ‘जीव की जीविका’ हा वादच मला चुकीचा वाटायचा. गिऱ्हाईक घाबरलेलं असेल तर जीविका नाही, आणि घरात दाणा नसेल तर माणूस घरी बसणार नाही, म्हणजे साथही आटोक्यात नाही. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाचं सकल देशांतर्गत उत्पादन पहिल्या अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी घसरलं आणि बांधकाम तर निम्म्यावर आलं. त्याच तिमाहीत शेती मात्र 3.4 टक्क्यांनी वाढली.

शेतीचं उदाहरण मी मुद्दाम देते, कारण उघडणं नीट कसं करता येतं ते आपल्याच मालव्याने दाखवलं. रब्बीचा गहू कापून तयार होता, तो थांबू शकत नव्हता. राज्यात 15 एप्रिलपासून खरेदी सुरू झाली, इंदूर, भोपाळ, उज्जैन या बाधित शहरांत थोडी उशिरा. शेतकऱ्यांना एसएमएसने दिवस कळवला जायचा आणि त्या दिवशी तेवढेच ट्रॅक्टर यायचे. केंद्रं वाढवली, म्हणजे एका जागची गर्दी कमी झाली. हम्माल आणि तुलावटी, म्हणजे माल तोलणारे, यांच्यासाठी हात धुण्याची सोय केली. त्या हंगामात मध्य प्रदेशने सुमारे 129 लाख टन गहू खरेदी केला आणि पंजाबला मागे टाकलं. अडचणी आल्याच, बारदानाची टंचाई होती, पावसात पोती भिजली. पण उघडायचं की नाही यावर कोणी भांडत बसलं नाही. कसं उघडायचं हे ठरवलं आणि केलं. शहराच्या बाजाराला हीच शिस्त का लावता आली नाही, हा प्रश्न तुझ्या प्रबंधात असायला हवा.

शहरात काय केलं? रस्त्याच्या डाव्या बाजूची दुकानं एक दिवस, उजव्या बाजूची दुसऱ्या दिवशी. कागदावर अर्धी गर्दी. प्रत्यक्षात सीतलामाता बाजारात साडी घ्यायला आलेली बाई दोन दिवस दोन चकरा मारायची, आणि दुकान निम्मेच दिवस उघडं असल्यामुळे त्या दिवशी आतली गर्दी दुप्पट. वेळ कमी केली की गर्दी दाटते, हे दवाखान्याच्या ओपीडीत बसलेल्या कोणालाही माहीत असतं. त्यापेक्षा वेळ वाढवायची, आतली माणसं मोजायची, खिडक्या-दारं उघडी ठेवायची. हा आजार बंद, हवा न खेळणाऱ्या खोलीत जास्त पसरतो हे त्या वर्षीच्या मध्यापर्यंत पुरेसं स्पष्ट झालं होतं. उघड्यावरचा हातठेला सगळ्यात आधी मोकळा करायला हवा होता आणि वातानुकूलित शोरूम सगळ्यात शेवटी. झालं उलट. ठेलेवाल्याला संघटना नसते, शिष्टमंडळ नसतं. जुलै 2020 मध्ये एका किशोरवयीन अंडेवाल्याने आरोप केला की याच डाव्या-उजव्या नियमावरून महापालिकेच्या माणसांनी त्याचा ठेला उलटवला. फुटलेल्या अंड्यांची ती चित्रफीत देशभर फिरली. ती पाहून मला दोन रात्री झोप आली नव्हती, कारण गर्दी कमी करा हे आम्ही डॉक्टरांनीच सांगितलं होतं आणि त्याचं रस्त्यावर काय झालं ते समोर होतं.

किंमत कोणी भरली याचं उत्तर एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यावर, दिसत होतं. मुंबई आणि नाशिकहून निघालेले मजूर सेंधव्याच्या बिजासन घाटातून चढून इंदूर बायपासवर यायचे, उत्तर प्रदेशाकडे चालत. मे महिन्याचं ऊन. शहरातले लोक बायपासवर पोहे, ताक, चपला घेऊन उभे राहिले, आपल्या मराठी घरांतूनही पोळ्यांचे डबे गेले. त्याच रस्त्यावर एका माणसाची चित्रफीत निघाली: गाडीच्या जोखडाला एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला तो स्वतः. दुसरा बैल पोटासाठी विकावा लागला होता. श्रमिक गाड्या 1 मेपासून सुरू झाल्या, म्हणजे लॉकडाऊन लागल्यावर पाच आठवड्यांनी. मजुरांना पहिल्याच आठवड्यात, संसर्ग अजून पसरलेला नसताना घरी जाऊ दिलं असतं तर गावांना धोका कमी झाला असता. नंतर ते महानगरांतून विषाणू घेऊन गेले आणि दोष त्यांच्यावर टाकला गेला. लॉकडाऊनच्या सगळ्या चुकांमध्ये मला ही सगळ्यात मोठी वाटते.

मदत अजिबात झाली नाही असं मी म्हणणार नाही. 80 कोटी लोकांना दरमहा माणशी पाच किलो मोफत धान्य मिळालं आणि त्याने उपासमार टळली, हे मी वस्त्यांमध्ये पाहिलंय. जन-धन खात्यांवर महिलांना तीन महिने पाचशे रुपये आले. पण इंदूरमध्ये एका खोलीचं भाडं पाचशेत भागत नाही. मे महिन्यात जाहीर झालेल्या 20 लाख कोटींच्या पॅकेजचा मोठा भाग कर्ज आणि हमीच्या रूपात होता. ठेलेवाल्यांसाठी जूनमध्ये दहा हजारांच्या कर्जाची योजना आली. कर्ज उपयोगी असतं, पण ते बाजार चालू असताना. ज्याला तुम्ही आदेशाने घरी बसवलंय त्याला कर्ज देणं म्हणजे बंदचा खर्च त्याच्याच नावावर मांडणं. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी एप्रिलअखेर गरिबांच्या मदतीसाठी 65,000 कोटींचा अंदाज सांगितला होता. एवढ्या मोठ्या अर्थव्यवस्थेला तो पेलणारा होता आणि माझ्या मते तो रोख स्वरूपात द्यायलाच हवा होता. तेवढं झालं असतं तर ‘उघडा’ म्हणणाऱ्यांचा निम्मा दबाव आपोआप कमी झाला असता.

परदेशातल्या वादाबद्दल तू विचारलंस, ते थोडक्यात. अमेरिकेत 17 एप्रिल 2020 ला अध्यक्ष ट्रम्प यांनी मिशिगन, मिनेसोटा, व्हर्जिनिया ‘मुक्त करा’ असं ट्विट केलं आणि मास्क घालणं न घालणं हीच पक्षाची खूण झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काही शास्त्रज्ञांचा ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनामा निघाला: वृद्धांना जपा, बाकीच्यांना मोकळं सोडा. ऐकायला सरळ वाटतं. पण मालवा मिलच्या आसपास किंवा नंदलालपुऱ्याच्या जुन्या वाड्यात दोन खोल्यांत आजी, मुलगा-सून आणि नातवंडं राहतात, तिथे आजीला वेगळं ठेवायचं कुठे? आपल्याकडे तो उपाय कागदावरही उतरत नव्हता.

आपल्या इतिहासात मात्र याहून उपयोगी धडा आहे. 2020 मध्ये वापरला गेलेला साथरोग कायदा 1897 चा, मुंबई आणि पुण्याच्या प्लेगसाठी केलेला. पुण्यात रँडसाहेबाने सैनिक घालून घरं झडवली, माणसं ओढून नेली. लोक रोगी लपवू लागले आणि 22 जूनला चाफेकरांच्या गोळीपर्यंत गोष्ट गेली. त्यानंतर वीसेक वर्षांनी होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेग असताना तुकोजीराव तिसरे यांनी पॅट्रिक गेडेस या नगररचनाकाराला बोलावलं. गेडेस यांच्या चरित्रांत नोंदलेली हकीकत अशी, की त्यांनी दवंडी पिटवली: दिवाळीची मिरवणूक यंदा त्या रस्त्यांवरून जाईल जिथे घरं सगळ्यात स्वच्छ असतील. गल्लीगल्लीत झाडलोट सुरू झाली, गाड्या भरभरून घाण निघाली, मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा निघाली. इंदूरच्या 1918 च्या अहवालात त्यांचे नळ, गटारं, घरांबद्दलचे विचार वाचायला मिळतील. टाटपट्टी बाखलच्या घटनेनंतर मला हीच गोष्ट सारखी आठवत होती. वस्तीतला एक मौलवी, एक दाई आणि एक किराणावाला सोबत घेऊन गेलं की दार उघडतं. आम्ही ते एप्रिलच्या अखेरीस केलं, मार्चमध्ये करायला हवं होतं.

2021 कडे येते. पहिल्या लाटेनंतर सगळं उघडलं, पण उघडण्याचा क्रम कोणी ठरवला? नोव्हेंबर 2020 मध्ये राज्यात 28 जागांच्या पोटनिवडणुका झाल्या, आपल्या शेजारचं सांवेर त्यातच. लग्नाला किती पाहुणे बोलवायचे यावर बंधन आणि सभांना मैदानं भरलेली. उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने 20 ऑक्टोबरला प्रत्यक्ष सभांवर निर्बंध घातले, सर्वोच्च न्यायालयाने 26 ला त्याला स्थगिती दिली. त्यानंतर मी ज्या वस्तीत मास्कबद्दल बोलायला गेले तिथे मला सभेचा फोटो दाखवण्यात आला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि एक कबुली देते. जानेवारी 2021 मध्ये रुग्ण कमी झाले तेव्हा एका बैठकीत तात्पुरत्या खाटा काढून टाकायच्या ठरल्या. मी विरोध केला नाही. मलाही वाटलं, संपत आलंय. एप्रिलमध्ये त्याच सभागृहाबाहेर ऑक्सिजन लावलेला माणूस रिक्षात बसून होता. पहिल्या लॉकडाऊनने मिळवलेला वेळ आम्ही त्या थंडीत घालवला.

दुसऱ्या लाटेत केंद्राने भूमिका बदलली. 20 एप्रिलच्या भाषणात पंतप्रधानांनी राज्यांना लॉकडाऊन शेवटचा पर्याय माना असं सांगितलं. मध्य प्रदेशात ‘कोरोना कर्फ्यू’ जिल्ह्या-जिल्ह्यांत लागला आणि जिल्हा, ब्लॉक, वॉर्ड, गाव अशा आपदा व्यवस्थापन समित्यांकडे निर्णय आले. त्यांत लोकप्रतिनिधी, व्यापारी, डॉक्टर एका टेबलाशी होते. भांडणं पुष्कळ झाली. मेच्या उत्तरार्धात इंदूरमध्ये किराणा-भाजीही बंद करण्याचा आदेश निघाला तेव्हा सत्ताधारी पक्षातूनच जाहीर विरोध झाला. म्हणून हा वाद काँग्रेस विरुद्ध भाजप असा मांडू नकोस, तो प्रत्येक पक्षाच्या आत होता. पण 1 जून 2021 पासून जे उघडलं ते पहिल्या वेळेपेक्षा समंजसपणे उघडलं, कारण एक आकडा आधी सांगितलेला होता: शंभर तपासण्यांत पाचांपेक्षा कमी बाधित. लोकांना कसोटी माहीत असली की ती पुरी करायला ते मदतही करतात.

पुन्हा साथ आली तर मी काय मागेन? बंद करण्याच्या आदेशातच उघडण्याचा आकडा लिहिलेला असावा, आणि तो गाठण्यासाठी तपासण्या कमी केल्या जाणार नाहीत याची हमी. घरी बसवलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात रोख पैसा. उघडताना हवा खेळणाऱ्या जागा आधी. आणि शाळा बाजाराच्या आधी. आपल्या राज्यात दारूची दुकानं आणि बाजार 2020 च्या उन्हाळ्यात उघडले, पहिली ते पाचवीचे वर्ग 20 सप्टेंबर 2021 ला. दीड वर्ष. मुलं कर भरत नाहीत, मत देत नाहीत, त्यांचं शिष्टमंडळ कलेक्टरला भेटत नाही. त्या काळात पहिलीत गेलेली आणि तिसरीत आली तरी अक्षर न ओळखणारी मुलं मी वस्त्यांमधल्या कामात पाहिली आहेत. इतर कुठल्याही नुकसानीबद्दल दोन बाजू असतील, याबद्दल माझ्या मनात नाहीत.

राहिला तुझ्या कामाचा भाग. टीव्हीवरच्या भाषणांवर फार वेळ घालवू नकोस. बाबांच्या दुकानातली एप्रिल ते दिवाळी 2020 ची रोजकीर्द माग आणि तिच्या शेजारी त्या त्या दिवसाचे जिल्ह्याचे आदेश आणि बुलेटिनचे आकडे मांड. विक्री आदेशाच्या तारखेला परत आली की आकडा उतरल्यावर, हे तुला दिसेल. मग छावणीच्या धान्य मंडीतली आवक, पीथमपूरला जाणाऱ्या बसगाड्या आणि तुमच्या दुकानातल्या हम्मालांची हजेरी जोड. मुनीमजींकडे ती हजेरी नक्की असेल. कोण कधी गावाहून परतलं आणि कोण परतलंच नाही, हेही त्यांना नावानिशी माहीत असेल.